गुलाल धुऊन झाल्यावर

निकालाच्या दिवशी आपल्याकडे गुलालाला आणि फटाक्यांच्या माळांना मोठा भाव येतो. दुपारी कल कळतो, संध्याकाळी मिरवणूक निघते, आणि गावातल्या साऱ्या रस्त्यांवरून फिरून ती नेमकी एका घरासमोर येऊन थांबते. ते घर हरलेल्या उमेदवाराचे असते. तिथे ढोल जरा जोरात वाजतो, माळ जरा लांब लावली जाते, आणि एखादा उत्साही कार्यकर्ता त्या घराच्या पायरीवरही मूठभर गुलाल उधळतो. आत दिवा मालवलेला असतो. घरातली म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे अंधारात बसून ते दहा मिनिटांचे वाद्यवादन ऐकत असतात. दुसऱ्या दिवशी जिंकलेले अंगावरचा गुलाल धुऊन टाकतात. पायरीवरचा गुलाल मात्र पाच वर्षे निघत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हे चित्र नवे नाही. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा, विधानसभेचे मतदारसंघ सात. लोकसभेसाठी तर हा एकच जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला आहे. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसद हे मतदारसंघ यवतमाळ-वाशीममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपुरात, तर उमरखेड हिंगोलीत. २०२४ साली एप्रिलमध्ये लोकसभेचे आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे मतदान झाले. म्हणजे पेरणीच्या आधी एकदा आणि कापूस वेचणीच्या ऐन हंगामात एकदा, असे वर्षातून दोनदा गाव दुभंगले. त्यात भर म्हणजे यवतमाळ-वाशीमची लोकसभेची मुख्य लढत शिवसेनेच्याच दोन गटांमध्ये होती. संजय देशमुख एका बाजूला आणि राजश्री पाटील दुसऱ्या. ज्या दोन पोरांनी आदल्या निवडणुकीत एकाच बादलीतल्या खळीने एकच पोस्टर चिकटवले, ती पोरे या वेळी एकमेकांची पोस्टरे फाडताना दिसली.

निवडणुकीत भांडण होणारच. भांडण नको असेल तर निवडणूकच नको. प्रश्न निकालानंतरच्या सकाळचा आहे. कारण गावात माणसाला माणसावाचून गत्यंतर नसते. धुरा सामाईक असतो, विहिरीच्या पाण्याची पाळी सामाईक असते, रात्री-अपरात्री कुणाला साप चावला तर ज्याच्या दारी गाडी आहे त्याच्याच दारी जावे लागते, मग त्याने मत कुणालाही दिलेले असो. शहरात विरोधकाचे तोंड न पाहता आयुष्य काढता येते. गावात ते आठवडाही काढता येत नाही. म्हणून विरोधकाविषयी आदर हा विषय सुविचाराच्या फळ्यावर लिहिण्याचा नाही, रोजच्या जगण्याचा आहे. आणि या बाबतीत आपल्या जिल्ह्याला परंपरेची वाण नाही, हे मुद्दाम सांगायचे आहे.

वणीचे बापूजी

लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालचा, वणीचा. यवतमाळला त्यांनी वकिली केली. ते टिळकांचे अनुयायी. गांधीजींचे नेतृत्व त्यांनी मानले, पण डोळे मिटून कधीच नाही. १९३० साली पुसदला गवत कापून जंगलचा कायदा मोडणारे आणि तुरुंगात जाणारे हेच अणे. पुढे बंगालच्या काँग्रेसमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांच्या गटांत जुंपली तेव्हा निवाडा करायला काँग्रेसने यांनाच कलकत्त्याला पाठवले. दोन भांडणाऱ्यांनी ज्याला लवाद मानावे असा माणूस मिळणे ही तेव्हाही सोपी गोष्ट नव्हती.

१९३४ साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर अणे आणि पंडित मदनमोहन मालवीय यांचे काँग्रेसशी फाटले. काँग्रेसने तो निवाडा ना स्वीकारला ना नाकारला. ही मधली भूमिका या दोघांना मान्य नव्हती. त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला आणि मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत उडी घेतली. आता यापुढची गोष्ट आजच्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावी. काँग्रेसने ठरवले की मालवीय आणि अणे ज्या जागांवर स्वतः उभे राहतील, तिथे आपला उमेदवार द्यायचा नाही. इतर जागांवर लढत झालीच. पण ज्यांनी देशासाठी इतके केले, त्यांना मतभेदापायी मतपेटीत पाडण्याचे काम आपण करायचे नाही, असा तो हिशेब होता.

याची परतफेड अण्यांनी आपल्या पद्धतीने केली. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींसह साऱ्या नेत्यांची धरपकड झाली तेव्हाही ते त्या मंडळात होते. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती होण्याजोगीच होती. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण मांडले आणि सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा अण्यांनी राजीनामा दिला. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार हेही त्यांच्यासोबत बाहेर पडले. गांधीजींचा मार्ग अण्यांना पटला होता असे नव्हे. ज्याच्याशी आपला वाद आहे तो माणूस बंदिवासात मरणाच्या दारी असताना त्याला डांबणाऱ्याच्या पंगतीला आपण बसू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाद आपल्या जागी आणि माणूस आपल्या जागी.

पुढे वयाच्या ऐंशीनंतर, १९६२ साली, वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेऊन अणे अपक्ष म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसला हरवून नागपुरातून लोकसभेवर गेले. २६ जानेवारी १९६८ ला ते वारले. त्याच वर्षी केंद्रातल्या काँग्रेस सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. आपल्याच उमेदवाराला पाडणाऱ्या माणसाला!

नाईक आणि धोटे

कुणी म्हणेल, ती स्वातंत्र्यलढ्यातली माणसे, त्यांची गोष्ट निराळी. ठीक आहे. जरा अलीकडे येऊ.

पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. विदर्भाने महाराष्ट्रातच राहावे या मताचे ते पुरस्कर्ते. आणि विधानसभेत त्यांच्यासमोर त्यांच्याच जिल्ह्याचा माणूस उभा असे, यवतमाळचे जांबुवंतराव धोटे. फॉरवर्ड ब्लॉकचे, वेगळ्या विदर्भासाठी रान उठवणारे. १९६४ साली भर सभागृहात त्यांनी अध्यक्ष बाळासाहेब भारदे यांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला. त्यांची आमदारकी गेली. पोटनिवडणुकीत यवतमाळच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवले.

पेपरवेट फेकणे हे काही विरोधकाच्या आदराचे उदाहरण नव्हे, हे उघड आहे. पण त्या प्रसंगानंतर जे झाले त्यात शिकण्यासारखे आहे. सभागृहाने आपल्या नियमाने शिक्षा केली. मतदाराने आपल्या अधिकाराने निवड केली. आणि सभागृहाने मतदाराचा निर्णय मानून त्याच माणसाला पुन्हा त्याच बाकावर बसू दिले. कुणी कुणाला देशद्रोही ठरवले नाही, कुणाचे घर पाडले नाही. विरोधकाचा आदर म्हणजे त्याचे वागणे आवडणे असे नसते. त्याला निवडून देणाऱ्या माणसांना आपल्याइतकीच अक्कल आहे, हे कबूल करणे म्हणजे आदर.

नाईकांच्याच काळात, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीचे काम राज्यभर उभे राहिले. त्या योजनेचे शिल्पकार वि. स. पागे काँग्रेसचे. पण ती मागणी रस्त्यावर लावून धरणारे, कामावरच्या मजुरांची हजेरी आणि मजुरी यासाठी मोर्चे काढणारे बहुतेक विरोधी पक्षांतले होते. सरकारने योजना दिली आणि विरोधकांनी तिला धार दिली. दोघांपैकी एक नसता तर ती योजना एका सरकारी परिपत्रकापलीकडे गेली नसती. आपल्या भागातल्या कित्येक पाझर तलावांच्या भिंती अशा दोन्ही पक्षांच्या मातीने बांधलेल्या आहेत.

जिंकणाऱ्यांनी केलेला एक कायदा

विरोधकाच्या सन्मानाची सर्वांत मोठी परीक्षा या देशात १९७७ साली झाली. आणीबाणीत जे तुरुंगात होते ते निवडून आले आणि ज्यांनी तुरुंगात टाकले ते हरले. मोरारजी देसाई, वाजपेयी, अडवाणी, आपले मधू दंडवते आणि मोहन धारिया, सगळे कोठडीतून थेट मंत्रिमंडळात. सूड घ्यायचा म्हटले तर मनुष्यस्वभावाला सोयीचा असा दुसरा मुहूर्त नव्हता. चौकशी आयोग नेमले गेले, खटले झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याच सरकारने त्याच वर्षी आणखी एक कायदा केला. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन, घर आणि मंत्र्याच्या बरोबरीच्या सोयी देणारा तो कायदा. आपल्यावर टीका करणाऱ्याला पगार आपणच द्यायचा! तो लागू झाला तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेत्याच्या जागी होते यशवंतराव चव्हाण. आणि अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले आपले वसंतराव नाईकही त्या लोकसभेत वाशीमचे खासदार म्हणून विरोधी बाकांवर बसले होते.

विदर्भाशी नाते असलेले आणखी एक उदाहरण. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले नरसिंह राव पंतप्रधान असताना, १९९४ साली, जिनिव्हात मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडण्याची वेळ आली. रावांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे सोपवले. बाहेरच्यांना कळावे की घरात आमचे भांडण असले तरी घर एकच आहे.

त्या मानाने आजचे चित्र पाहा. २०२४ च्या विधानसभा निकालात २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ जागा, एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत आणि निकालानंतर विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची दीर्घकाळ रिकामी राहिली. नियम आणि संकेत यांच्यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण समोरची खुर्ची रिकामी ठेवून आपली खुर्ची मोठी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी १९७७ चा तो कायदा करणाऱ्यांची आठवण ठेवावी.

तिजोरीच्या दोन किल्ल्या

माझी नोकरी बँकेतली. तिथे एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने कितीही जोर लावला तरी तिजोरी उघडत नाही. त्या दोघांत मैत्री असावी असा नियम नाही. कित्येक शाखांमध्ये या दोघांचे आपसांत बोलणेही नसे. पण सकाळी साडेदहाला दोघे तिजोरीसमोर उभे राहत आणि दोन किल्ल्या फिरत. एकमेकांवर अविश्वास म्हणून हा नियम आहे असे काही जण समजतात. खरे तर तो दोघांच्याही अब्रूचे रक्षण करतो. पैसे कमी भरले तर कुणी एकट्याकडे बोट दाखवू शकत नाही. लोकशाहीतला विरोधक ही ती दुसरी किल्ली आहे. सत्ताधाऱ्याला तिचा त्रास होतो, आणि त्याची अब्रू वाचते तीही तिच्यामुळेच.

ग्रामीण शाखेत असताना कर्जाच्या कागदांवर जामीनदारांच्या सह्या घेण्याचे काम माझ्याकडे होते. आर्णीकडच्या एका गावचा शेतकरी विहिरीवरच्या मोटारपंपाच्या कर्जासाठी आला. तो नुकताच ग्रामपंचायतीला निवडून आला होता. सोबत जामीनदार म्हणून ज्याला घेऊन आला तो त्याच वॉर्डातून त्याच्याकडूनच पडलेला. मला नवल वाटले आणि मी तसे विचारलेही. तो जामीनदार अंगठ्याची शाई डोक्याला पुसत म्हणाला, "मत त्याले देल्लं नाही साहेब, अन् पुढंबी देनार नाही. पन मानूस बुडवनारा नाही." राजकारणावरची कित्येक जाडजूड पुस्तके मी पुढे वाचली. पण इतकी नेमकी व्याख्या मला त्यांत सापडली नाही. मत वेगळे, पत वेगळी. मत देणार नाही, पण पत नाकारणार नाही.

आणि हे साटेलोटे नव्हे काय?

इथे एक रास्त शंका निघते. पुढाऱ्यांमध्ये आदर कमी कुठे आहे? दिवसा सभेत एकमेकांच्या सात पिढ्या काढणारे रात्री एकाच लग्नात एकाच टेबलावर जेवत असतात. साखर कारखाने, शिक्षण संस्था, जिल्हा बँका यांच्या संचालक मंडळांवर सगळे रंग सुखाने नांदतात. डोके फुटते ते कार्यकर्त्याचे आणि गुन्हाही त्याच्याच नावावर राहतो. मग हा आदर म्हणजे वरच्यांची आपसांतली सोय नव्हे काय?

शंका खरी आहे, म्हणूनच दोहोंतला फरक ओळखायला हवा. साटेलोट्यात दोघे मिळून तिसऱ्याचे, म्हणजे तुमचे आमचे काहीतरी घेतात. आदरात दोघे मिळून काही घेत नाहीत. उलट जिंकणारा थोडा उन्माद सोडतो आणि हरणारा थोडा कडवटपणा. साटेलोटे बंद दाराआड चालते. आदर चारचौघांत दिसतो. साटेलोट्यात प्रश्न विचारणे थांबते. आदरात प्रश्न अधिक नेमके होतात, कारण ते माणसाला जखमी करण्यासाठी विचारलेले नसतात. जो विरोधक निवडून आलेल्याच्या गळ्यात हार घालतो आणि महिनाभराने पाण्याच्या टाकीच्या कामाची मोजमापवही मागतो, तो दोन्ही कामे चोख करतो. हार घालून जो वही मागायचे विसरतो, त्याच्यापासून सावध राहावे.

हरलेल्याने मुकाट बसावे असेही कुणी म्हणत नाही. निकालात गैरप्रकार झाला असे वाटत असेल तर कायद्याने पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करण्याची सोय आहे. न्यायालयात जाणे हा सूड नव्हे, तो नियमाचाच भाग आहे. पण याचिका निकालावर असावी, शेजाऱ्यावर नसावी.

गावात खरी कसोटी

आमदार-खासदारांपेक्षा ही कसोटी ग्रामपंचायतीत अधिक कठीण लागते. सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्याचे, असे अनेक गावांत घडते. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, मासिक सभेत प्रत्येक ठराव पाडायचा, निधी पडून ठेवायचा आणि नंतर अविश्वास आणायचा. दुसरी, ज्या चार कामांवर दुमत नाही ती आधी उरकायची आणि उरलेल्यांवर भांडायचे. पहिल्या वाटेने गेलेल्या गावात पाच वर्षांनी नाली तशीच तुंबलेली असते आणि तिच्यातले डास पॅनेल विचारून चावत नाहीत.

मोठी कामे तर एका सरकारच्या आयुष्यात बसतच नाहीत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग मंजूर झाला २००८-०९ मध्ये, तेव्हा दिल्लीत एक आघाडी होती. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला २८ फेब्रुवारी २०२४ ला, तेव्हा दुसरी होती. रूळ टाकताना आधीच्यांनी टाकलेली खडी कुणी उकरून फेकली नाही, म्हणूनच गाडी धावली. श्रेय कुणाचे यावर जरूर वाद व्हावा. पण दोघांचेही थोडे थोडे आहे, हे म्हणायला जीभ जड का व्हावी?

पूर्वीही निवडणुका कडवट होत. पण शब्द सभेत उच्चारला जाई आणि वाऱ्यावर विरून जाई. आता तो मोबाईलमध्ये राहतो. निकालाच्या रात्री गावाच्या ग्रुपवर टाकलेला एक मजकूर तीन वर्षांनी सोयरीक जुळताना पुन्हा वर येतो. त्यात पक्ष फुटतात, नेते इकडून तिकडे जातात आणि ज्याच्यासाठी भावाशी बोलणे सोडले तो नेता एके सकाळी भावाच्याच पक्षात दिसतो. नेत्याला परतीचा रस्ता असतो. भावाकडे जायचा रस्ता आपण आपल्या हाताने खणून ठेवलेला असतो. घरातल्या बायकांना हे सर्वांआधी कळते, कारण हळदीकुंकवाला कुणाकडे जायचे आणि कुणाकडे नाही, याची यादी पुरुषांच्या राजकारणाने त्यांच्यावर लादलेली असते.

आपल्या पोळ्याची रीत यावर बरेच काही सांगते. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि दोन बाजूंनी झडत्या झडतात. त्यांत सावकारापासून सरपंचापर्यंत कुणाचीही सुटका नसते. ज्याची टर उडवली जाते तोही हसतो. मग तोरण तुटते आणि मंडळी बैल घेऊन घरोघर जातात. ज्याच्यावर झडती म्हटली त्याच्याही दारी बैलाचे पाय धुतले जातात, ओवाळले जाते, बोजारा दिला जातो. टीका कुठवर करायची आणि कुठे थांबायचे, हे ज्या समाजाने एका सणात बसवून ठेवले, त्याला विरोधकाशी कसे वागावे हे बाहेरून शिकवण्याची गरज नाही.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. मिरवणूक हरलेल्याच्या दारासमोर थांबवू नये. जिंकलेल्याने दुसऱ्या दिवशी एकट्याने, फोटोवाल्याला न घेता, त्याच्या घरी चहाला जावे. हरलेल्याने त्याला ओटीवर न बसवता आत घ्यावे. घरकुलाच्या आणि विहिरीच्या यादीतली नावे मत कुणाला पडले यावरून कापू नयेत, कारण ते पैसे निवडून आलेल्याचे नसून सरकारचे असतात. ग्रुपवर मजकूर टाकण्यापूर्वी तो त्या माणसाच्या आईसमोर मोठ्याने वाचता येईल का, हे पाहावे. आणि घरातल्या लेकरांसमोर विरोधी उमेदवाराचे नाव घेताना त्याच्या नावापुढे 'राव' किंवा 'ताई' लावायला विसरू नये. ती लेकरे पुढची निवडणूक आपल्याकडूनच शिकणार आहेत.